नैवेद्याचे ताट आणि घरचे ताट

॥ श्री ॥



 पूजा-अभिषेकाच्या वेळा, भक्तनिवासाची माहिती आणि उत्सवांचे वेळापत्रक यांसोबत या पुस्तिकेत चार शब्द चिंतनाचे असावेत, असा विश्वस्त मंडळाचा प्रघात आहे. एरवी हे काम एखाद्या कीर्तनकार बुवांकडे किंवा शास्त्रीजींकडे असते. यंदा ते प्रस्तुत लेखकाकडे आले. लेखक कार्यालयात पावत्या आणि पत्रव्यवहार पाहणारा आहे. अधिकारवाणीने सांगावे असे त्याच्यापाशी फारसे काही नाही. परंतु कार्यालयाच्या खिडकीतून मुदपाकखान्याचे दार थेट समोर दिसते, आणि त्या दारातून वर्षानुवर्षे जे दिसत आले, त्यावरून घरच्या अन्नाविषयी काही निवेदन करावे असे मनात आले.

श्रींच्या नैवेद्याचा परिपाठ आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. तांदूळ त्याच दिवशी निवडून धुतले जातात. भाजी आधी धुवून मग चिरली जाते, चिरून मग धुतली जात नाही. पाणी त्याच सकाळी भरलेले असते. स्वयंपाक चालू असता कोणी चव पाहत नाही. पान वाढले की त्यावर केळीचे पान किंवा स्वच्छ वस्त्र झाकून ते गाभाऱ्याकडे नेतात, वाटेत ते कोठे टेकवीत नाहीत. काही कारणाने पूजेस फार विलंब झाला, तर निवालेला नैवेद्य बाजूला ठेवून नवा रांधावा लागतो. आदल्या रात्रीचे काही त्या ताटात येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

एकदा एका तरुण यात्रेकरूने आमच्या वृद्ध आचाऱ्यांना थोड्या थट्टेने विचारले, “काका, देव काही प्रत्यक्ष खात नाही. मग कालचा भात ठेवला तर त्याला काय कळणार आहे?” आचारी पळीने वरण ढवळीत होते. ते न थांबताच म्हणाले, “अरे बाळा, म्हणूनच ठेवायचा नाही. जो तक्रार करीत नाही, त्याचे आपणच जपायचे असते.”

त्या वेळी हे उत्तर लेखकास केवळ हजरजबाबी वाटले होते. त्याचा अर्थ पुढे घरातच कळला, आणि तो ज्या रीतीने कळला ते सांगताना आजही संकोच वाटतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या चैत्र उत्सवातील गोष्ट. यात्रेच्या तीन दिवसांत आमचे घरी जाणे नावापुरतेच असते. अन्नछत्रात पंगतींमागून पंगती उठत होत्या. भाविकांना गरम अन्न मिळते ना, पाणी गाळलेले आहे ना, ताक आंबट तर झाले नाही ना, यांकडे आम्ही सारे डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी घरून निरोप आला, की सौभाग्यवतींना सारख्या उलट्या होत आहेत आणि त्यांना उभेही राहवत नाही. दोन दिवस त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. डॉक्टरांनी काय खाल्ले ते विचारले, तेव्हा ओशाळून त्या म्हणाल्या, “काही विशेष नाही. आदल्या रात्रीचा भात उरला होता, तोच फोडणी देऊन खाल्ला.” पाहुण्यांसाठी आणलेल्या श्रीखंडास फ्रीजमध्ये जागा व्हावी म्हणून त्यांनी भाताचे पातेले ओट्यावर ठेवले होते. ऐन चैत्रातील रात्र आणि पुढचा अर्धा दिवस ते तसेच होते.

डॉक्टरांनी त्या दिवशी जे समजावून सांगितले, ते प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवे. तांदळावर एका जिवाणूची सूक्ष्म बीजे असू शकतात आणि ती उकळत्या पाण्यानेही मरत नाहीत. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ती रुजतात, वाढतात आणि अन्नात विष निर्माण करतात. पुन्हा गरम केल्याने जिवाणू मरतील, परंतु उलट्या घडविणारे विष नाहीसे होत नाही. अर्थात, “चांगला कढईत परतला आहे, आता काय होणार?” ही आपली समजूत व्यर्थ आहे.

उपचार झाले, त्या बऱ्या झाल्या. लेखकास मात्र एक प्रश्न टोचत राहिला. हजारो परक्या माणसांच्या ताटावर आपली दृष्टी होती. श्रींच्या ताटावर तर होतीच. स्वतःच्या घरी रोज शेवटी जेवावयास बसणाऱ्या माणसाच्या ताटात काय असते, हे आपण लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत किती वेळा पाहिले? आठवू लागल्यावर लेखकाच्या आईचे ताटही डोळ्यांपुढे आले. देवाला ताजे, मुलांना गरम, आणि आईला कालची भाकरी. ती स्वतः कधी बोलली नाही. अन्न टाकू नये हा तिचा धर्म होता, आणि तो खरा धर्मच आहे. परंतु तो पाळण्याचा सारा भार घरातील एकाच व्यक्तीच्या पोटावर टाकावा, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही.

शास्त्राचा विषय निघालाच आहे, तर थोडे त्याविषयी. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आठ ते दहा या तीन श्लोकांत आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक आहार आयुष्य, बल आणि आरोग्य वाढविणारा, रसयुक्त आणि मनास संतोष देणारा. राजस तो अति कडू, अति आंबट, अति खारट, अति तिखट. आणि तामसात शिळे, रस गेलेले, वास येऊ लागलेले आणि उष्टे अन्न येते. तेथे ‘यातयाम’ असा एक शब्द आहे. शिजवून एक याम म्हणजे प्रहर लोटलेले अन्न, असा त्याचा अर्थ अनेक जण करतात. आद्य शंकराचार्यांनी भाष्यात तो अर्धवट शिजलेले असा घेतला आहे. दोन्ही अर्थ घेतले तरी आपले काही बिघडत नाही. नीट शिजवावे आणि प्रहर लोटण्यापूर्वी खावे. प्रहर म्हणजे सुमारे तीन तास. शिजलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे आज जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतक्या अंतराने इतके जवळचे उत्तर यावे याचे लेखकास नवल वाटते.

तैत्तिरीय उपनिषदातील भृगूची कथाही सर्वांच्या परिचयाची आहे. वरुणाने आपल्या पुत्रास तप करून ब्रह्म जाणण्यास सांगितले, आणि भृगूस प्रथम जे गवसले ते अन्न होते. तो तेथून पुढे आनंदापर्यंत गेला हे खरे. परंतु त्यानंतरही उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळते आणि अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, ते विपुल निर्माण करावे अशी व्रते सांगते. अव्हेरू नये आणि शिळेही खाऊ नये, या दोन आज्ञा एकत्र पाळावयाच्या तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मोजून रांधणे.

आणि येथेच आमच्या घरातील पहिली सवय बदलली. दुपारी आणि रात्री कोण कोण जेवावयास आहे हे सकाळीच विचारून ठेवायचे, आणि न येणाऱ्याने तसे वेळेवर कळवायचे. फार साधी गोष्ट, परंतु पूर्वी ती कोणी करीत नसे. बाहेर खाऊन आलेला मुलगा रात्री दहाला “मला भूक नाही” म्हणे, आणि त्याच्या वाटणीचा भात दुसऱ्या दिवशी आईच्या ताटात जाई. आता तांदूळ वाटीने मोजून पडतात. कमी पडले तर चार पोह्यांनी भागते. उरलेच तर लहान डब्यांत काढून तासा-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाते, दुसऱ्या दिवशी वाफ येईतो गरम होते, आणि जो आधी जेवावयास बसेल तो ते खातो. मग तो घरचा कर्ता पुरुष का असेना. एकदा गरम केलेले पुन्हा ठेवीत नाहीत. फ्रीजचे आतील तापमान पाच अंशांहून कमी असावे लागते. तो ठासून भरला की थंड हवा फिरत नाही आणि मागच्या कप्प्यातील पातेले केवळ थंड असल्याचे सोंग करते. फ्रीज म्हणजे कोठार नव्हे.

शिळे सगळे सारखे वाईट, असेही मात्र म्हणता येत नाही. ज्वारीची आदल्या दिवशीची कोरडी भाकरी दह्याशी किंवा ताकाशी खाऊन आपल्या शेतकऱ्यांच्या पिढ्या रानात राबल्या. ओल्या भाताचे, डाळीच्या आमटीचे, दुधाच्या खिरीचे तसे नसते. जेथे ओलावा अधिक तेथे धोका अधिक. जुन्या बायका हे जाणत असत. प्रवासास दशम्या आणि कोरडी चटणी देत, वरण-भात देत नसत.

कित्येक भाविक येथे श्रावणातील शिळासप्तमीची शंका काढतील. त्या दिवशी तर चूल न पेटविता आदल्या दिवशीचे अन्न खावयाचे असते. त्यावर लेखकाचे नम्र मत असे, की वर्षातून एक दिवस चुलीस, आणि तिच्यापुढे बसणारीस, विसावा देणारे हे व्रत आहे. त्या दिवशी सारे घर एकच अन्न खाते, एकटी गृहिणी नव्हे. व्रत अवश्य पाळावे, फक्त पदार्थ टिकणारे निवडावेत आणि ते नीट झाकून थंड जागी ठेवावेत.

आपल्या सणांनी ताज्या आहाराचा एक मोठा पाठ न बोलता घालून दिला आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी घ्या. हरभऱ्याचे सोलाणे, पावटे, गाजर, वांगी, मटार, बोरे, जे जे त्या दिवसांत शेतात तयार असते ते सारे एका भाजीत येते. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. थंडीत शरीरास जे हवे तेच. भाद्रपदात ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाविना पिकलेले, परसातले अळू, भोपळा, भेंडी, पडवळ, मक्याचे कणीस यांची भाजी. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणाऱ्या घरांत ते चंपाषष्ठीस खंडेरायाच्या नैवेद्याला भरीत-रोडग्याच्या रूपाने पुन्हा येते, तेव्हा थंडीतील कोवळी वांगी बाजारात आलेली असतात. ज्या ऋतूत जे पिकते ते खावे, हे सांगण्यास आपल्याकडे पंचांग पुरेसे होते. आज बाराही महिने सर्व काही मिळते. तरी आठवड्याच्या बाजारात ज्या भाजीचा ढीग सर्वांत मोठा आणि भाव सर्वांत उतरलेला, तीच त्या दिवसांची ताजी भाजी, ही खूण अजून चुकत नाही.

धान्याचेही तसेच. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा ज्वारी, बाजरी, नाचणी यांचे पुष्कळ कौतुक झाले. कौतुक योग्यच होते. मात्र या पिठांची एक अडचण ध्यानी घ्यावी. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत खवट आणि कडसर होते, आणि ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते. भाकरी थापताना कडेने चिरू लागली की समजावे. म्हणून महिन्याचे पीठ एकदम दळून न ठेवता आठवड्याचे दळून आणावे. गिरणीच्या फेऱ्या वाढतील. त्या घरातील पुरुषांनी माराव्यात.

जेवणाच्या ताटाची डावी-उजवी बाजू आपण केवळ रीत म्हणून सांभाळतो. डावीकडे मीठ, लिंबू, लोणचे, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. लोणच्याची फोड एक, चटणी बोटभर आणि भाजी वाटीभर, असे प्रमाण या मांडणीतच बांधलेले आहे. आज अनेक घरांत डावी बाजू उजवीवर चाल करून आली आहे. लोणचे, पापड, फरसाण, पाकिटातील शेव यांनीच भाकरी संपते आणि भाजी तशीच राहते. दिवसाकाठी एका माणसाच्या पोटात सर्व मिळून पाच ग्रॅमहून कमी मीठ जावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी जी सतरा आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतही मीठ, साखर, तेल आणि पाकीटबंद पदार्थ यांविषयी सावध केले आहे. लेखक स्वतः या बाबतीत निर्दोष नाही. कार्यालयात चारच्या चहासोबत फरसाणाची बशी अनेक वर्षे फिरत असे, आणि ती प्रथम लेखकाच्याच टेबलावर येई. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर तेथे भाजलेले फुटाणे आले. पहिल्या आठवड्यात सहकारी नाराज होते.

तळणीच्या तेलाविषयी एक वाक्य पुरे. एकदा तळून काळवंडलेले, फेसाळणारे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. सणाच्या दिवशी कढईत ओततानाच बेताने ओतावे, म्हणजे ते टाकवत नाही हा मोह पडत नाही.

उपवासाविषयी अधिक बोलणे प्राप्त आहे, कारण येथे येणारे बहुसंख्य भाविक उपवास करतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच केली आणि आपणच खरी करतो. साबुदाणा कंदाच्या पिठापासून तयार होतो, आणि तो कंद परदेशातून आपल्याकडे आलेला. त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. साबुदाण्याची खिचडी, त्यावर तळलेला वडा, वर बटाट्याचा चिवडा, हे लंघन कसे म्हणावे? वरई, राजगिरा, शिंगाडा, उकडलेले रताळे, एखादे फळ आणि ताजे ताक यांत उपवास उत्तम होतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी निर्जळ उपवासाचा हट्ट धरू नये. रांगेत चक्कर येऊन पडलेल्या भाविकास कार्यालयात आणून साखरपाणी देण्याचा प्रसंग आमच्यावर येतो. “आज काही खाल्ले नाही, देवाचा दिवस ना!” असे ती मंडळी सांगतात, आणि सोबतची मुले घाबरून रडत असतात. अशा वेळी दोन घास खाल्ल्याने व्रतभंग होत नाही, असे आमचे पुजारीही आवर्जून सांगतात.

वरईच्या संदर्भात एक अप्रिय आठवण देणे भाग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात एका धार्मिक सप्ताहात एकादशीचा फराळ प्रसाद म्हणून घेतल्यानंतर शेकडो भाविकांना विषबाधा झाली. रुग्णांना उघड्यावर सलाईन लावलेली छायाचित्रे वृत्तपत्रांत आली, ती अनेकांस स्मरत असतील. श्रद्धेने ओंजळीत घेतलेल्या अन्नाने असे घडावे, याहून क्लेशकारक काय? वरई, शिंगाड्याचे पीठ यांसारखे जिन्नस उपवासापुरतेच लागतात, त्यामुळे ते दुकानात आणि आपल्या डब्यांतही महिनोन्‌महिने पडून राहतात आणि त्यांना बुरशी धरू शकते. थोडे आणावे, पाकिटावरील तारीख पाहावी, निवडून स्वच्छ धुवावे, सुटे तयार पीठ शक्यतो टाळावे.

अन्नदान करू इच्छिणाऱ्या दानशूर मंडळींस या अनुषंगाने एक विनंती. लग्नकार्यात उरलेले अन्न रात्री उशिरा गाडीत घालून “प्रसादात वाटा” म्हणून आणून देण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. भावना उदात्त असते, परंतु असे अन्न आम्ही स्वीकारू शकत नाही, आणि नकार दिल्यावर काही भाविक दुखावतात. केव्हा शिजले, कसे ठेवले, कोणी हाताळले, यांपैकी काहीच आम्हास ठाऊक नसते. धर्मस्थळांच्या स्वयंपाकघरांसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ‘भोग’ नावाचा उपक्रम चालविला आहे. त्यातही स्वच्छता आणि शिजल्यापासून वाढेपर्यंतच्या निगेवर भर आहे. त्यापेक्षा कोरडा शिधा द्यावा. आपल्या शेतातील भाजीची एक पाटी सकाळी दारात आणून दिली, तरी ती दुपारच्या पंगतीत वाढली जाते आणि आपण स्वतः बसून ती खाऊ शकता.

पंगतीवरून विदुराघरच्या कण्या आठवतात. महाभारताच्या उद्योगपर्वात भगवान श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेले असता त्यांनी दुर्योधनाचे भोजन नाकारले आणि ते विदुराच्या घरी जेवले. कण्यांचा तपशील आपल्या कीर्तनकारांनी घातला, आणि तो इतका गोड आहे की मूळ ग्रंथात शोधण्याची कोणास इच्छा होत नाही. देवाने पक्वान्न सोडून कण्या खाल्ल्या, येथे कथा सहसा थांबते. लेखकास हल्ली दुसरेच कुतूहल वाटते. त्या रात्री देव जेवून उठल्यावर विदुराच्या पत्नीच्या वाट्याला काय आले असेल? गरम कण्या उरल्या असतील का?

आमच्या घरी आता रात्री सारे एकाच वेळी पाटावर बसतात. सौभाग्यवतींना प्रारंभी हे अवघड गेले. “अहो, तुम्ही बसा, मी वाढते,” म्हणत त्या चार वेळा उठत. मग पातेलीच मध्ये आणून ठेवावीत असे ठरले. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. गरम पोळ्यांचा आग्रह सुटला, त्या डब्यात कापडात गुंडाळलेल्या चालतात. पोळी जराशी निवते खरी. चित्राहुती घालून पहिला घास घेताना आता लेखकाची दृष्टी एकदा समोरच्या ताटाकडे जाते.

जाताना आपण जो प्रसाद घरी नेता, त्याविषयीची सूचना येथेच देतो. शिरा, खीर आणि पंचामृत हे येथेच किंवा दोन तासांच्या आत ग्रहण करावे. दूरच्या प्रवासात नेऊ नये. घरच्या मंडळींसाठी खडीसाखर, चुरमुरे, सुके खोबरे अथवा राजगिऱ्याचे लाडू प्रसाद खिडकीवर उपलब्ध आहेत. नारळ फोडलेला असल्यास खोबरे त्याच दिवशी वापरावे. अन्नछत्राची पहिली पंगत श्रींना नैवेद्य दाखविल्यानंतर लगेच बसते. वृद्ध, लहान मुले आणि गोळ्या घेणारे भाविक यांनी पहिल्याच पंगतीस बसावे, त्यांच्यासाठी पुढील जागा राखून ठेवलेल्या असतात.

— सचिव, देवस्थान कार्यालय